वाळ्याच्या पडद्याची उन्हाकडची बाजू

“बकुळे, पडदा सुकला.”

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता कितीतरी उन्हाळे लोटले. आवाज रागीट नव्हता. जेवण करून पाठ टेकलेल्या माणसाचा असतो तसा सुस्त, भरल्या पोटाचा होता. तो आतून निघाला, माझ्या मुळांमधून पार झाला आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या एका बाईपर्यंत पोचला. मग पाण्याचा एक तांब्या माझ्या माथ्यावर रिता झाला आणि मी निवलो.

मी एक जुना वाळ्याचा पडदा आहे. झाशीच्या बाजारात मला खस म्हणतात. पण ज्या घराने मला आणलं ते मराठी होतं आणि त्या घरात मला वाळाच म्हणत. माझं आयुष्य एका गाडीच्या दारात गेलं. ती साधी गाडी नव्हती, चाकांवरचं घर होतं. आज मी विरळ झालो आहे. उंदरांनी माझी एक कड कुरतडली आहे, माझा वरचा बांबू एका बाजूने झुकला आहे. तरी अजून कुणी माझ्यावर पाणी शिंपडलं तर मला वास येतो. मुळं वास विसरत नाहीत.

मी मूळचा बेतवेच्या काठचा. जमिनीवर माझं गवत वाऱ्याबरोबर झुले आणि जमिनीखाली माझी मुळं अंधारात एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसत. गवत कुणालाच नको होतं. माणसांनी मुळं खणून काढली, धुतली, उन्हात पसरली. खंडेराव गेटाजवळच्या एका दुकानात एका म्हातारीने मला वरखाली दोन बांबूंना बांधून सुतळीने विणलं. तिची बोटं माझ्याच रंगाची होती. विणताना ती काहीबाही पुटपुटे, लेकराला न्हाऊ घालताना आया पुटपुटतात तसं. तेवढं कौतुक मला पुढे कुणाच्या हातून मिळालं नाही. एका हातून मिळालं, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या दुकानात एक दिवस श्रीकृष्णराव आले. ते रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या कडक तपासणीत नजर जराशी कमी भरली म्हणून त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं होतं. नोकरी गेली तरी गळ्यातली शिट्टी गेली नव्हती. हातात गाडीच्या दाराच्या मापाची दोरी होती.

“भैया, एक बात सुन लो,” म्हातारी म्हणाली. “खस की दो बाजू होती हैं. बाहर वाली पे पानी डालो, तो भीतर वाली ठंडक देगी. पर डालने वाला धूप में खड़ा रहेगा.”

“डालने वाली है हमारे घर में,” श्रीकृष्णराव म्हणाले आणि हसले.

म्हातारी हसली नाही. तिने सुतळीची शेवटची गाठ जरा जास्तच आवळली. ती गाठ मला अजून रुतते.

श्रीकृष्णरावांचं घर झाशीतल्याच नगरा मोहल्ल्यात होतं. अंगणात गाडी उभी होती. एका बंद पडलेल्या दवाखान्याची ती रुग्ण नेण्याची मोटार. त्यांनी सुताराकडून तिच्यात दोन रुंद बाकं करून घेतली, बाकांखाली डबे ठेवायला कप्पे केले, कोपऱ्यात स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवली. जन्मभर ते गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून हिंडले होते आणि गाडी कुठे थांबणार ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं होतं. आता स्वतःची गाडी, स्वतःचं वेळापत्रक. ओरछा, चित्रकूट, खजुराहो आणि जमलं तर खाली थेट नाशिकपर्यंत जायचं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पण झाशीच्या उन्हाने त्यांचा बेत हाणून पाडला. आमच्याकडे नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात जळते नऊ दिवस, लागला की किल्ल्याचे दगड संध्याकाळीसुद्धा निवत नाहीत. पश्चिमेकडून लू सुटते, तिला घरात झळ म्हणत. तशा उन्हात पत्र्याची गाडी म्हणजे चुलीवर विसरलेला डबा. पहिल्याच दुपारी श्रीकृष्णरावांनी बाकावर पाठ टेकली आणि चटका बसून उठले.

मग त्यांनी गाडी निववायचं मनावर घेतलं. चुन्यात डिंक कालवून छपराला पांढरा हात दिला. हात दिला म्हणजे त्यांनी खालून सांगितलं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, बकुळाने, शिडीवर चढून दिला. गाडी उभी करताना बाजूचं दार पश्चिमेकडे येईल असं बघायचं आणि त्या दारात मला टांगायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला भिजवून बाकीच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या, गारवा पळून जाऊ नये म्हणून. आतली माणसं मोदकासारखी उकडली. तेव्हा त्यांना कळलं की वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. समोरची खिडकी वर उचलून काठीचा टेकू दिला, आणि कोरडी झळ माझ्या ओल्या अंगातून जाता जाता गार झाली. आतलं माणूस डोळे मिटून “अहाहा” म्हणालं.

इथवर सगळं छान आहे ना, मित्रांनो? पण मला पाणी बाहेरूनच घालावं लागे. आतून घातलं की बाकं भिजत, गाद्यांना ओल चढे. आणि झळ अशी तहानलेली की मी भिजलो न भिजलो तोच सुकू लागे. म्हणून कुणीतरी बाहेर उभं राहायला हवं होतं. सगळी दुपार.

ते कुणीतरी म्हणजे बकुळा.

बकुळाच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि हिला ट्रंकेसकट झाशी स्टेशनावर आणून सोडलं. ज्या फलाटावर तिचा भाऊ हिरवं निशाण दाखवी, त्याच फलाटावर. श्रीकृष्णरावांनी त्या दिवशी आधी आपली गाडी नेली आणि परतल्यावर बहिणीची ट्रंक उचलली. त्यांनी तिला घरात ठेवून घेतलं, म्हणून लोक त्यांना देवमाणूस म्हणत. त्यांची बायको प्रमोदिनी तर हे रोज म्हणे. “ह्यांनी आसरा दिला म्हणून, नाहीतर आजकाल कोण कुणाचं करतं?” पोळी वाढताना म्हणे. आंघोळीचा साबण देताना म्हणे. नवीन लुगडं देताना तर दोनदा म्हणे.

अशी मला दोन जगं मिळाली. माझ्या एका बाजूला बाकावरच्या गाद्या, कैरीचं पन्हं, बॅटरीवर फिरणारा इवलासा पंखा आणि घोरणं. दुसऱ्या बाजूला पांढरं ऊन, पाण्याची बादली आणि बकुळा. मधे दोन बोटं जाडीचा मी.

हाका मारून श्रीकृष्णरावांचा घसा सुकू लागला तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवायला सुरुवात केली. माझ्यातून येणारा वारा जरा कोमट झाला की पडल्या पडल्या एक शिट्टी. शिट्टी ऐकून शेजारचे लोक गच्चीवरून हसत. “गार्ड साहब की गाड़ी छूट रही है,” ते म्हणत. “बकुळाजी, झंडी दिखाओ.” बकुळा पदराने तोंड पुसे आणि तांब्या उचले.

पहिल्याच उन्हाळ्यात नानासाहेब आले. ते प्रमोदिनीचे मामा, खंडेराव गेटाच्या जुन्या घराण्यातले, जरीची टोपी घालणारे. गाडीचं कौतुक करायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते आत बाकावर बसले, माझ्याकडे तोंड करून दोन श्वास घेतले आणि खूश झाले.

“श्रीकृष्णपंत, हे तर तुम्ही शिमलाच आणून बांधलंत दाराला.”

“आपली कृपा,” श्रीकृष्णराव म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून पाणी पडलं. नानासाहेबांनी मान वाकवून माझ्या खालच्या फटीतून पाहिलं. “ही आपली बकुळा ना? ती का उभी आहे बाहेर? तिला आत घ्या की. एवढी जागा आहे.”

श्रीकृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं. मग प्रमोदिनी हसून म्हणाली, “तिला बंद जागा सोसत नाही, मामा. जीव घुसमटतो तिचा. तिला आपलं मोकळ्यावरच बरं वाटतं.”

“असं होय,” नानासाहेब म्हणाले आणि पन्ह्याचा पेला पुढे केला.

मित्रांनो, मी पडदा आहे. दोन्हीकडचं मला ऐकू येतं, आणि मी इतका दाट कधीच नव्हतो की आतलं बाहेर जाऊ नये. बकुळाने ते ऐकलं. तिचा तांब्या अर्ध्यावर थांबला. तिने ओठ उघडले. आत श्रीकृष्णरावांनी घसा खाकरला आणि उगीचच शिट्टी वाजवली. मी तर चिंब ओला होतो. बकुळाने ओठ मिटले आणि पाणी घातलं.

एवढंच झालं. पण त्या दिवसापासून ते घरातलं खरं झालं. कुणी नवीन पाहुणा आला, त्याने विचारलं, की हेच उत्तर. बकुळाला बंद जागा सोसत नाही. हळूहळू विचारणंही थांबलं. प्रमोदिनीने ते इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे ते सांगताना तिच्या आवाजात नणंदेबद्दल काळजी येऊ लागली. “बिचारी,” ती म्हणे, “आमच्यासारखं सुख नाही तिच्या नशिबात.”

मी मघाशी ज्या एका हाताबद्दल म्हणालो तो बकुळाचा. पाणी घालण्याआधी ती माझी सुटलेली मुळं बोटांनी आत खोचे. सुतळी सैल झाली तर गाठ मारी. आणि आतली घोरू लागली की अगदी हलक्या आवाजात मला ओव्या म्हणून दाखवी. दळायला जातं नव्हतं तर पडद्याला म्हणत होती.

*वाळ्याचा पडदा गं माझ्या दादाच्या दाराला*
*पाणी घालिते मी त्याच्या वाटच्या वाऱ्याला*

असं ती सुरुवातीला म्हणे. भावाचं कौतुक करणारी ओवी बायका माहेरी आल्यावर म्हणतातच. पण ऊन चढत जाई तशी ओवी बदलत जाई.

*डोईवरी सूर्य आला सावली पायातळी*
*तेवढीच माझी ओसरी तेवढीच माझी आळी*

हे ऐकताना मला वाटे, माझ्या अंगात वास आहे, आवाज असता तर बरं झालं असतं.

माझी कीर्ती पसरली. ओरछ्याला नदीकाठी गाडी थांबली की यात्रेकरू येऊन आत हात घालून बघत. “वाह गार्ड साहब,” म्हणत. श्रीकृष्णराव त्यांना छपराचा चुना दाखवत, समोरच्या खिडकीची करामत सांगत, वारा कुठून शिरतो आणि कुठून जातो ते हाताने काढून दाखवत. कुणी विचारलं की पाणी कसं पोचतं, तर बाहेर बोट करून म्हणत, “हमारा पंप है. बिना डीज़ल का.” सगळे हसत. पंपसुद्धा हसे. हसली नाही तर प्रमोदिनी म्हणे, “हिला गंमत कळत नाही.”

आता मी टहरौलीची दुपार सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

टहरौलीला नानासाहेबांच्या नात्यातल्या एका घरी मुंज होती, ऐन नौतप्यात. श्रीकृष्णरावांनी गाडी नेली. सोबत प्रमोदिनी, नानासाहेब, बकुळा आणि श्रीकृष्णरावांची लेक सिंधू. सिंधू तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. गावात एकच मोठा कडुनिंब होता, त्याखाली आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या. गाडी खळ्यावर उघड्या उन्हात उभी राहिली. जेवणं झाली. सगळे गाडीत विसावले आणि बकुळा बाहेर उभी राहिली.

सिंधूला झोप येत नव्हती. ती माझ्या पायाशी पालथी पडून खालच्या फटीतून बघत होती. तिला आत्याचे पाय दिसत होते. आत्याच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून ती अनवाणी होती.

“आत्या, तू सारखे पाय का उचलतेस?”

“जमीन म्हणते नाच गं, म्हणून नाचते,” बकुळा म्हणाली.

सिंधू खुदकन हसली. “आत ये ना. माझ्याशेजारी जागा आहे. हे बघ, मी सरकले.”

ती खरंच सरकली. माझ्या आतल्या बाजूला एका माणसापुरती गार जागा रिकामी झाली. बाहेर तांब्या थांबला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी तेवढ्या एकाच वेळी दोन्ही बाजूंनी गार झालो.

“सिंधू,” प्रमोदिनी डोळे न उघडता म्हणाली, “आत्याला आत त्रास होतो. तिला बंद जागा सोसत नाही. तिला हट्ट करू नये.”

“खरंच, आत्या?”

बकुळाने तांब्या बादलीत बुडवला.

“बघ, मी सांगितलं ना,” प्रमोदिनी म्हणाली. “झोप आता.”

सिंधू शहाणी मुलगी होती. आत्याला त्रास देऊ नये एवढं तिला कळलं. ती पुन्हा मधे सरकून झोपली आणि ती जागा भरली.

पुढे ऊन आणखी पांढरं झालं. बादलीतलं पाणी इतकं तापलं होतं की ते अंगावर पडताना मला भाजे. ओवी थांबली. मग पाणी थांबलं. मी सुकू लागलो. आत वारा कोमट झाला, मग ऊन झाला. श्रीकृष्णरावांनी शिट्टी वाजवली. पाणी आलं नाही. दुसरी वाजवली. मग एक लांब वाजवली.

“झोपली असेल कुठे झाडाखाली,” प्रमोदिनी चिडून म्हणाली. “आपण इथे भाजतोय आणि ती खुशाल.”

झाडाखाली चुली धगधगत होत्या, हे त्यांनी गाडी लावताना स्वतः पाहिलं होतं. तरी कुणी उठलं नाही. मी पुरता कोरडा झालो, झळ जशीच्या तशी आत शिरू लागली, नानासाहेबांनी टोपी काढून वारा घेतला, तेव्हा कुठे श्रीकृष्णराव शिव्या पुटपुटत बाहेर आले.

बकुळा माझ्या पायाशी पडली होती. तांब्या हातातच होता. पाणी सांडून मातीने पिऊनही टाकलं होतं.

आरडाओरडा ऐकून जवळच्या घरातली एक म्हातारी धावत आली. तिने बकुळाच्या गालाला हात लावला आणि ती आपल्या बुंदेलीत ओरडली, “अरे, बाई मर जैहै. भीतर ले चलो ईखों, गाड़ी में, ठंडे में.”

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. आत दोन बाकं होती, गाद्या होत्या, माझ्यावर दोन तांबे ओतले असते तर पुन्हा शिमला होतं. श्रीकृष्णरावांनी बहिणीला खांद्याला धरून उचललंसुद्धा. आणि तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, “अहो, पण तिला बंद जागा सोसत नाही ना?”

नानासाहेब तिथेच उभे होते. त्यांना हे पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. आता आत नेली आणि तिला बरं वाटलं, तर इतके उन्हाळे काय सांगत होतो, असं झालं असतं. हे प्रमोदिनीच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. श्रीकृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं, मामेसासऱ्यांकडे पाहिलं, मग गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं.

“गाडीखाली सावली आहे,” ते म्हणाले.

त्यांनी तिला गाडीखाली ठेवलं, चाकांच्या मधे. ग्रीसचा वास, दगड, आणि वर तापलेला पत्रा. मग श्रीकृष्णरावांनी स्वतः तांब्या उचलून मला भिजवलं. नानासाहेब पुन्हा आत जाऊन बसले होते, म्हणून. माझ्यातून निथळणारं पाणी झेलायला खाली पत्र्याची पन्हाळ होती, तिला एक भोक होतं. त्यातून गळलेलं पाणी थेंब थेंब बकुळाच्या कपाळावर पडत राहिलं. मला जेवढं देता आलं तेवढं ते. म्हातारी तिच्याजवळ खाली सरपटत गेली, तळव्यांना कांद्याचा रस चोळत बसली आणि गाडीतल्या लोकांबद्दल जे बोलली ते मी मुलांसमोर सांगत नाही.

बकुळाने डोळे उघडले तेव्हा प्रमोदिनी वाकून म्हणाली, “बरं वाटतंय ना मोकळ्यावर?”

बकुळाने कपाळावरचा थेंब पुसला. “हो, वहिनी,” ती म्हणाली.

त्यानंतर उन्हात गेलं की बकुळाच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. पुढच्या उन्हाळ्यात ती एक हात गाडीला टेकून पाणी घालू लागली. फरक पडला तो एवढाच.

मग दिवस पालटले. गाडीचं इंजिन दमलं, ती अंगणातच उभी राहू लागली. घरात कूलर आला. मला कुणी नीट सुकवलंही नाही, ओलाच गुंडाळून मागच्या पडवीत खिळ्याला अडकवलं. मला बुरशी आली, उंदीर आले. नानासाहेब गेले. सिंधू शिकली, लग्न होऊन भोपाळला गेली. तिची मराठी जाता जाता हिंदीत विरघळली. बकुळा म्हातारी झाली. अंगण झाडताना ती कधी कधी पडवीत येई आणि माझी लोंबलेली मुळं आत खोचून जाई.

गेल्या उन्हाळ्यात सिंधू परत आली आणि तिने गाडी दुरुस्त करायला काढली. हल्ली चाकांवरच्या घरांची हौस परत आली आहे म्हणे. तिने नवं इंजिन बसवलं, छपराला पांढरा रंग दिला, काचांना चंदेरी पडदे केले, बॅटरीवर चालणारं गार हवेचं यंत्र बसवलं. आणि आईबाबांना व आत्याला घेऊन ती ओरछ्याला निघाली. श्रीकृष्णराव आता काठी टेकत चालतात. “वाळ्याचा पडदा घे,” ते अडून बसले. “यंत्राचा भरवसा नाही.” म्हणून मीही निघालो, बाकाखाली, गुंडाळलेला.

यंत्राचा भरवसा खरंच नव्हता. बेतवेच्या काठी भर दुपारी बॅटरी बसली. गाडी तापू लागली. श्रीकृष्णराव कासावीस झाले, प्रमोदिनी पदराने वारा घेऊ लागली. मला बाहेर काढून दारात टांगलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हाताऱ्या बकुळाने तांब्या उचलला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सवय होती.

“आत्या, तू मत कर ये सब,” सिंधू म्हणाली. “मी टाकते ना पाणी.”

“जाऊ दे गं,” प्रमोदिनी आतून म्हणाली. “तिला बाहेरच बरं वाटतं.”

“हो, ते आहेच,” सिंधू म्हणाली. तिचा आवाज मायेने ओथंबलेला होता. “आत्याला बंद जागा सोसत नाही. मुझे तो बचपन से पता है. म्हणून तर मी तिच्यासाठी खास आणलंय.”

तिने गाडीच्या मागून एक घडीची खुर्ची काढली. मोठी रंगीत छत्री काढली. माझ्या उन्हाकडच्या बाजूला खुर्ची मांडली, वर छत्री रोवली, आत्याला हाताला धरून बसवलं आणि तिच्या मांडीवर नॅपकिन पसरला. कुणी एवढ्या प्रेमाने बाहेर बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. मग ती बॅटरीवाल्याला फोन लावत रस्त्याकडे गेली.

मित्रांनो, तुम्ही मला कधी घरी आणलंत तर मला सावलीत सुकवा. ओला गुंडाळू नका. सुतळी सैल झाली तर वेळीच गाठ मारा. एवढं केलंत तर मी तुम्हाला अनेक उन्हाळे पुरेन. हे जपणं अवघड नाही, कुणालाही जमेल. पण गार वाऱ्यात पाठ टेकलीत की एकदा मान वाकवून माझ्या खालच्या फटीतून बघा. पलीकडे कुणाचे पाय आहेत ते बघा. ते सारखे उचलले जात असतील तर कारण विचारा. आणि कारण दुसऱ्या कुणाला विचारू नका, त्या पायांनाच विचारा.

त्या दुपारी बकुळा छत्रीखाली बसली होती आणि झळ आडवी येत होती. झळेला छत्री कळत नाही. मी सुकत चाललो होतो. आत श्रीकृष्णराव जरा डुलकी घेऊन जागे झाले. गळ्यात आता शिट्टी नव्हती. त्यांनी माझ्याकडे कूस वळवली आणि त्यांचा तोच जुना, सुस्त आवाज माझ्यातून पार झाला.

“बकुळे, पडदा सुकला.”

बकुळा उठली. तिने बादलीतून तांब्या भरला, माझ्यापाशी आली आणि सवयीने माझं एक सुटलेलं मूळ आत खोचलं. मग तांब्या माझ्यावर न ओतता तिने तो स्वतःच्या तोंडाला लावला आणि ती सगळं पाणी प्यायली. रस्त्यावरून परत येणारी सिंधू तिथेच थांबली.

“दादा,” बकुळा माझ्या मुळांना तोंड लावून म्हणाली, “आपल्या आईच्या घरी जिन्याखालच्या खोलीत मी लग्नापर्यंत झोपले. तिला खिडकीसुद्धा नव्हती. दार तूच बाहेरून लोटून घ्यायचास, मला थंडी वाजू नये म्हणून. मला बंद जागा सोसते, दादा. तुला ठाऊक होतं. मला कधी कुणी आत ये म्हटलं नाही. एका लेकराने म्हटलं होतं, सरकून जागाही केली होती, तर तुम्ही तिला झोपवलंत.”